न्सिमा, न्दिवो आणि तूर : दक्षिण मलावीतील आहार-अभ्यासाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२२, झोंबा

अभ्यासासाठी दोन गावे आज निश्चित झाली. एक झोंबा पठाराच्या उतारावर आहे, दुसरे चिल्वा सरोवराकडच्या सपाटीवर. दोन्ही मिळून २४ घरे घेतली असून वर्षभर दर महिन्याला प्रत्येक घरी एकदा जायचे आहे. सोबत याच जिल्ह्यातल्या दोन सर्वेक्षक भगिनी आहेत. गावांची आणि माणसांची नावे मी या वहीत कोठेही लिहिणार नाही. ज्यांच्या घरातील रिकामे भांडे मी पाहणार आहे, त्यांच्याबाबत एवढा संकोच पाळणे मला आवश्यक वाटते.

या देशात आहाराच्या पाहण्या पुष्कळ झाल्या आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३७ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली होती. मात्र बहुतेक पाहण्या वर्षातून एकदाच, आणि बऱ्याचदा रस्ते कोरडे असताना होतात. येथे नोव्हेंबर ते एप्रिल असा एकच पावसाळा असतो, एप्रिल-मेमध्ये मक्याची सुगी येते आणि डिसेंबर ते मार्च हे उपासमारीचे महिने मानले जातात. शेती बहुतांशी पावसावर अवलंबून असून या दक्षिण भागात एका घराकडे एक हेक्टरही जमीन क्वचितच असते. अशा ठिकाणी जूनमध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर फेब्रुवारीला लागू पडत नाही, म्हणून हा अभ्यास महिन्यागणिक आखला आहे.

मोजणीसाठी स्त्रियांच्या आहार-विविधतेची, अन्न व कृषी संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत घेतली आहे. मागच्या २४ तासांत दहा अन्नगटांपैकी किती गटांतील पदार्थ खाल्ले हे विचारायचे. पाच किंवा अधिक गट आले तर आहार पुरेसा विविध समजायचा. १५ ग्रॅमपेक्षा कमी खाल्लेला पदार्थ त्यात मोजला जात नाही.

१९ ऑक्टोबर २०२२

प्रश्नावली चार घरांत चाचणीदाखल वापरली आणि पहिल्याच प्रश्नाशी अडली. 'काल दुपारी काय खाल्ले?' या प्रश्नाला एका बाईंनी 'काहीच नाही' असे उत्तर दिले, आणि ते देताना त्यांच्या मांडीवरचे मूल भाजलेला कसावा चघळत होते. सोबतच्या सर्वेक्षक भगिनीने बाहेर आल्यावर समजावून सांगितले की 'कुद्या', म्हणजे खाणे, याचा येथे मनात उमटणारा अर्थ न्सिमा (मक्याची उकड) खाणे असा आहे. आंबा, ऊस, रताळे, भाजलेले कणीस यांनी पोट भरले तरी त्याला जेवण म्हणत नाहीत. 'चिमांगा न्दी मोयो', मका म्हणजे जीवन, असे येथे सहज बोलले जाते.

हे ऐकून मला माझी आजी आठवली. औसा तालुक्यातल्या आमच्या घरी ती दुपारी शेंगा, गूळ आणि पेरू खाऊनही संध्याकाळी 'सकाळपासून अन्नाचा कण पोटात नाही' असे म्हणत असे, कारण भाकरी झाली नव्हती. न्सिमा ही पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड. ती हाताने तोडून बोटांनी वळायची आणि न्दिवोत बुडवून खायची. न्दिवो या शब्दाला मराठीत मला 'कोरड्यास' याहून जवळचा शब्द सापडत नाही. पालेभाजी असो, डाळ असो वा मासळी, भाकरीबरोबर जे घेतले ते सारे कोरड्यास, आणि न्सिमाबरोबर जे घेतले ते सारे न्दिवो. पोट मुख्य अन्नाने भरते, पण शरीराला लागणारे बरेचसे पोषण या दुसऱ्या वाडग्यातून येते.

प्रश्नावली रात्री बसून बदलली. आता दिवस जेवणांनी पाडायचा नाही, कामांनी पाडायचा : उठल्यावर, पाण्याला जाताना, शेतात, बाजारात, स्वयंपाक करताना, निजण्यापूर्वी. प्रत्येक ठिकाणी तोंडात काय गेले ते विचारायचे.

७ नोव्हेंबर २०२२

आजची नोंद तुरीविषयी आहे आणि ती लांबेल.

तुरीला येथे 'नांदोलो' म्हणतात. मलावीच्या दक्षिण भागात ती मक्याच्या सरीवरंब्यावर, मक्याबरोबरच पेरतात. मका वाढून निघेपर्यंत तूर हळू वाढते, एप्रिल-मेमध्ये मका काढला की तिला मोकळे ऊन आणि उरलेली ओल मिळते, आणि उशिरा येणारे वाण जुलै ते सप्टेंबरमध्ये पक्व होतात. गळून पडलेल्या पानांनी जमिनीला नत्र मिळते, तुराट्यांचे सरपण होते. मराठवाड्यात सोयाबीनमध्ये तूर घेतात, त्यामागचा हिशेब याहून फार निराळा नाही.

ताज्या हिरव्या शेंगा उकडून खातात आणि त्या मुलांना फार आवडतात. अडचण वाळलेल्या तुरीची आहे. घरी ती भरडून डाळ करण्याची रीत मला दोन्ही गावांत दिसली नाही. दाणे अख्खेच शिजवतात आणि त्याला दीड-दोन तास जाळ लागतो. ज्या प्रदेशात सरपणासाठी बायकांना डोंगर चढावा लागतो, तेथे दोन तासांचा जाळ हा स्वयंपाकाचा मोठा खर्च आहे. त्यामुळे तूर घरात असूनही पालेभाजी शिजते, आणि तुरीचे पोते बाजाराकडे जाते. ब्लँटायर आणि लिंबे येथे डाळ-गिरण्या आहेत, परंतु त्यांची डाळ बहुतांशी परदेशी जाण्यासाठी असते.

हे परदेश म्हणजे मुख्यतः आपला देश. २०१६-१७ मध्ये भारतात तुरीचे पीक उदंड आले, लातूरच्या बाजारात भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाच्या बराच खाली घसरला आणि खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. माझे वडीलही त्या रांगेत होते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. मला तेव्हा तो निर्णय उशिरा का होईना, पण योग्य वाटला होता. आज एका घरी अगोगोंनी, म्हणजे आजींनी, सांगितले की एका वर्षी व्यापारी आलेच नाहीत, आले त्यांनी सांगितलेला भाव ऐकून लोकांनी तूर परत घरी नेली आणि भुंग्याने ती पोखरून टाकली. कोणते वर्ष ते त्यांना आठवत नव्हते. थोरल्या नातीचा जन्म त्यांनी खूण म्हणून सांगितला आणि हिशेब २०१७ वर आला. एकाच मंदीची दोन टोके माझ्या ओळखीच्या दोन घरांत होती, हे मला आज प्रथमच कळले.

२०२१ मध्ये भारताने मलावीकडून दरवर्षी ५०,००० टन तूर पाच वर्षे आयात करण्याचा करार केला आहे. व्यापाऱ्यांना त्याने दिलासा मिळाला असेल. गावात मात्र तुरीचा भाव कसा ठरतो हे कोणी सांगू शकले नाही. सायकलवर काटा बांधून येणारा माणूस सांगेल तो भाव, एवढेच उत्तर मिळाले.

२५ नोव्हेंबर २०२२

पहिला दमदार पाऊस झाला. काल रात्री न्गुम्बी, म्हणजे पंखांच्या वाळव्या, दिव्याभोवती उडाल्या. मुलांनी त्या पाण्याच्या बादलीत धरल्या आणि सकाळी मिठात परतल्या.  प्रत्येकाच्या वाट्याला त्या १५ ग्रॅमहून सहज अधिक आल्या.

पेरणी सुरू आहे. युक्रेनमधील युद्धामुळे यंदा खत महागले आहे आणि अनुदानाचे खत गावात अजून पोचलेले नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या निविष्ठा-अनुदान योजनेची जागा २०२० मध्ये नव्या योजनेने घेतली, पण मका केंद्रस्थानी असणे बदललेले नाही. खत वेळेवर न मिळाल्यास पुढचे वर्षभर त्याचे परिणाम या वहीत दिसत राहतील.

११ जानेवारी २०२३

भेटी थांबवाव्या लागल्या होत्या. गेल्या मार्चमध्ये शेजारच्या मचिंगा जिल्ह्यात सुरू झालेली कॉलऱ्याची साथ आता देशाच्या सर्व २९ आरोग्य-जिल्ह्यांत पसरली आहे. लिलोंग्वे आणि ब्लँटायर येथे शाळा उघडण्याचा दिवस पुढे ढकलला गेला. आम्ही कोणाच्या घरी पाणी घेत नाही, हस्तांदोलन करत नाही, आणि पाणी नाकारताना दर वेळी क्षमा मागतो.

बऱ्याच न्खोक्वे, म्हणजे कणग्या, रिकाम्या झाल्या आहेत. घरातील धडधाकट माणसे 'गान्यू'ला, म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातात. ज्या आठवड्यांत स्वतःच्या मक्याची खुरपणी व्हायला हवी त्याच आठवड्यांत पोटासाठी दुसऱ्याचे शेत खुरपावे लागते, स्वतःचे पीक तणात राहते, पुढची सुगी कमी येते आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा गान्यू. या फेऱ्याविषयी मी बरेच वाचले होते. आज ज्यांच्या शेतातले तण मी पाहिले, त्या अमाय, म्हणजे बाई, शेजारच्या शेतात खुरपत होत्या आणि त्यांनी तेथूनच मला हात केला.

तीन घरांत मादेया, म्हणजे मक्याचा कोंडा, पिठात मिसळून न्सिमा केली होती. एका घरी ते सांगताना बाईंनी आवाज खाली आणला. हा कोंडा एरवी कोंबड्यांना घालतात.

१५ फेब्रुवारी २०२३

गेल्या चार महिन्यांच्या मोजण्या आज एकत्र मांडल्या, आणि त्या दिवसभर पुन्हा पुन्हा तपासल्या, कारण निकाल अपेक्षेच्या उलट आला आहे. भूक सर्वांत जास्त असलेल्या या महिन्यात बऱ्याच घरांचा विविधतेचा आकडा ऑक्टोबरपेक्षा खाली गेलेला नाही. उतारावरच्या गावात तर तो वर गेला आहे.

चूक मोजणीत नाही. पाऊस पडल्यावर न्ख्वानी (भोपळ्याची पाने), बोनोंग्वे (राजगिऱ्याच्या कुळातली भाजी) आणि खोलोवा (रताळ्याची पाने) परसात व बांधावर उगवतात, आणि ती फुकट असतात. डिसेंबर-जानेवारीत आंबा होता. आता काकडी, भोपळा आणि कोठे कोठे हिरवी कणसे आली आहेत. पानांचा एक गट, पिवळ्या-नारिंगी फळभाज्यांचा एक, इतर भाज्यांचा एक, वरून कधी मूठभर शेंगदाण्याचे कूट : आकडा चार-पाचवर जातो. आणि त्याच घरात दिवसातून एकदाच चूल पेटते, न्सिमाचा गोळा मुठीएवढा असतो, आई शेवटी जेवते. ऑक्टोबरमध्ये याच घरात दोन वेळा पोटभर न्सिमा होती, पण सोबत रोज एकच वाळवलेली पालेभाजी होती, म्हणून तेव्हाचा आकडा कमी होता.

म्हणजे फेब्रुवारीत आलेल्या पाहुण्याने केवळ हा आकडा नेला, तर तो या गावाचा आहार सुधारल्याचे लिहील. आकडा खोटा नाही. त्याला जे विचारले त्याचेच तो उत्तर देतो. पण प्रमाण, वेळा आणि कणगीतला साठा सोबत न लिहिता तो एकटा छापणे हे मला चुकीचे वाटते, आणि अहवालात तो तसा छापला जाऊ नये असे मी मार्गदर्शकांना आजच कळवले. त्यांचे म्हणणे असे की दोन आकडे दिले तर वाचणारे सोपा तो उचलतात. ते खरे असेलही. तरीही दोन्ही द्यायचे असे ठरले.

आजपासून प्रत्येक भेटीत तीन गोष्टी वाढवल्या आहेत : काल चूल किती वेळा पेटली, कणगीत किती बादल्या मका उरला आहे, आणि शेवटी कोण जेवले.

२७ मार्च २०२३

फ्रेडी चक्रीवादळाच्या पावसाने १२ ते १४ मार्च या तीन दिवसांत दक्षिण मलावीची दुर्दशा केली. ब्लँटायरमध्ये डोंगरउतारांवरची घरे चिखलाखाली गेली. मुलांजे, फालोम्बे आणि चिराद्झुलू जिल्ह्यांत गावेच्या गावे वाहून गेली. राष्ट्राध्यक्ष चक्वेरा यांनी १३ मार्चला आपत्ती जाहीर केली. आमच्या २४ घरांतील सर्व माणसे जिवंत आहेत. सपाटीवरच्या गावातील पाच घरे पडली असून ती कुटुंबे शाळेत राहत आहेत.

मका काढणीला आठवडे उरले असताना हे झाले. कणसे भरलेली होती आणि ताटे चिखलात आडवी झाली. लोक ओली कणसे काढून छपरांवर वाळवत आहेत, त्यांतली पुष्कळ बुरशीने काळी पडली आहेत. बुरशीतून येणाऱ्या अफ्लाटॉक्सिन या विषाविषयी मी बोलले, तेव्हा एका पुरुषाने शांतपणे विचारले की मग काय खायचे. मी पुढे बोलले नाही. निदान शेंगा व मका जमिनीवर न पसरता मचाणावर वाळवावा आणि काळे दाणे वेगळे काढावेत, एवढे सर्वेक्षक भगिनींनी घरोघर दाखवले.

शाळेतल्या शिबिरात पिवळा मका येईल अशी चर्चा होती आणि ती ऐकून एका वृद्ध गृहस्थांचा चेहरा उतरला. १९९१-९२ च्या दुष्काळात मदतीचा पिवळा मका आला होता, तेव्हापासून तो रंग त्यांच्यासाठी लाचारीचा आहे. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातली लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांच्या तोंडून मी हेच ऐकले आहे. अन्न होते, त्याने जीव वाचले, आणि तरी ते आठवले की माणसे मान खाली घालतात.

२२ मे २०२३

सुगी आली, कमी आली, पण आली. उतारावरच्या गावात आज पीठ करण्याची सगळी क्रिया पाहिली. पांढरेशुभ्र 'उफा वोयेरा' करायचे तर मका उखळात कांडून कोंडा व कोंब काढतात, मग दाणे दोन-तीन दिवस पाण्यात भिजवतात, धुतात, उन्हात वाळवतात आणि दळतात. 'म्गाइवा' म्हणजे अख्ख्या दाण्याचे पीठ. ते लवकर होते, जास्त भरते आणि त्यात जीवनसत्त्वेही अधिक राहतात. मात्र पाहुण्यासमोर ठेवायची न्सिमा पांढरी असावी लागते. सुगीनंतर म्हणून सर्वत्र पांढरे पीठ दिसते, आणि साठा आटत जातो तसे घर म्गाइवाकडे वळते. धान्य मुबलक असताना ते अधिक निकस करून खाल्ले जाते, आणि टंचाईत अधिक सकस.

पांढरे पीठ आणि शेंगदाणे यांचा संबंध या देशाने एकदा फार कठोरपणे पाहिला आहे. १९८९-९० मध्ये मोझांबिकमधील युद्धातून पळून आलेले लाखो निर्वासित मलावीत होते. त्यांच्या शिध्यात मका होता, आणि नायसिन या जीवनसत्त्वाचा मुख्य स्रोत होते शेंगदाणे. शेंगदाण्यांचा पुरवठा खंडित झाला आणि १९९० मध्ये १८ हजारांहून अधिक जणांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाने होणारा रोग, झाला. मक्यातील नायसिन शरीराला सहज मिळत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवण्याची प्राचीन रीत आहे, तिने ते मोकळे होते. मका आफ्रिकेत आला, पण ती रीत त्याच्याबरोबर आली नाही. आपल्या दख्खनमध्ये ज्वारी खाणाऱ्यांतही पेलाग्रा दिसत असे, आणि हैदराबादच्या पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी ज्वारीतील ल्युसीन या अमिनो आम्लाकडे त्याचे कारण म्हणून बोट दाखवले होते.

न्सिंजिरो, म्हणजे भाजीत घालायचे शेंगदाण्याचे कूट, हा आमच्या तक्त्यात अनेकदा १५ ग्रॅमच्या खाली राहून गळणारा पदार्थ आहे. त्याची नोंद गळू नये म्हणून वेगळा रकाना पाडला.

१८ जून २०२३

सपाटीच्या गावात मासळीची मोजणी केली. चिल्वा सरोवराला बाहेर वाहणारा मार्ग नाही. पावसाची वर्षे वाईट गेली की ते आटते, १९९५ मध्ये ते कोरडे पडले होते. यंदा पाणी भरपूर आहे आणि मातेम्बा हे बोटभर लांबीचे मासे बाजारात स्वस्त आहेत. ते डोक्यासकट, काट्यांसकट खातात. एका वाडग्यात आठ जणांचे हात असताना प्रत्येकाच्या वाट्याला किती आले हे ठरवणे अवघड आहे, म्हणून शिजवण्यापूर्वी वजन करून घेतो आणि लहान मुलांचा वाटा वेगळा विचारतो.

२१ ऑगस्ट २०२३

दोन्ही गावांत बैठका घेऊन वर्षाच्या नोंदी लोकांसमोर मांडल्या. आकडे न सांगता जमिनीवर बारा महिन्यांचे बारा चौकोन आखले आणि त्यांत पदार्थ ठेवले : मका, पाने, आंबा, मातेम्बा, शेंगा, तूर. मग ज्यांचे अन्न आहे त्यांना ते तपासायला सांगितले. दोन चुका लगेच निघाल्या. रताळी आम्ही दोन महिने उशिरा ठेवली होती, आणि ओलसर दांबोतल्या, म्हणजे सखल पाणथळ जमिनीतल्या, बागांतील मोहरीची भाजी वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यांतही मिळते, ती आम्ही ठेवलीच नव्हती.

फेब्रुवारीच्या चौकोनात पानांची रास होती, दाण्यांची जागा रिकामी. अगोगो पुढे आल्या, ऑगस्टच्या चौकोनातली वाळलेली तूर त्यांनी दोन ओंजळी भरून उचलली आणि फेब्रुवारीत ठेवली. कोणी काही बोलले नाही. मग तरुण बायकांनी एकामागून एक अडचणी मांडल्या, आणि त्या सर्व खऱ्या होत्या : ऑगस्टमध्ये तूर विकली नाही तर शाळेची फी कशी भरायची, ठेवली तर भुंगा खातो, टिकली तर शिजवायला सरपण कोठून आणायचे.

या प्रदेशात मुलगा लग्नानंतर बायकोच्या गावी राहायला जातो आणि जमीन आईकडून मुलीकडे जाते. तरीही पोते विकण्याचा व्यवहार बहुधा पुरुष करतो. बैठकीत हे एका तरुणीनेच मांडले. तिचे म्हणणे होते की पोते त्याने विकावे, पण त्याआधी दोन बादल्या बाजूला काढण्याचा हक्क जमिनीच्या मालकिणीचा असावा. पुरुषांपैकी कोणी नकार दिला नाही. होकारही एकदोघांनीच दिला.

सरपणावर मी सुचवले की तूर रात्रभर भिजवून, वाळवून, जात्यासारख्या दगडावर भरडून पाहू, कारण डाळ अर्ध्याहून कमी वेळात शिजते. उद्या सकाळी अगोगोंच्या ओट्यावर ते करून दाखवायचे आहे. आईला फोन करून भिजवण्याचे आणि वाळवण्याचे प्रमाण विचारून घेतले.

२३ ऑगस्ट २०२३

पहिल्या खेपेला निम्मे दाणे पिठासारखे झाले, कारण ते पुरेसे वाळले नव्हते. दुसऱ्या खेपेला डाळ नीट निघाली आणि पाऊण तासात शिजली. चवीबद्दल मतभेद झाले : मुलांनी वाडगे पुसून खाल्ले, अगोगोंना मात्र अख्ख्या तुरीची साल तोंडाला हवी होती.

सहा घरांनी प्रत्येकी दोन बादल्या तूर तिहेरी थराच्या हवाबंद पिशव्यांत भरून ठेवली. तोंडे घट्ट बांधली आणि पिशव्यांवर तारीख लिहिली. त्या १५ फेब्रुवारीला उघडायच्या आहेत. त्या महिन्याच्या तक्त्यात डाळींचा रकाना मी आजच आखून ठेवला.